सर, डावीकडे ना?

सिम्युलेटर म्हणजे सहा जाडजूड पायांवर उभी केलेली एक पांढरी खोली. लांबून बघणाऱ्याला ती पाण्याची टाकी वाटावी. दार उघडून आत गेलं की मात्र विमानाचं कॉकपिट जसंच्या तसं समोर यायचं, खुर्च्यांच्या झिजलेल्या हातांसकट. वैमानिकांना दर सहा महिन्यांनी तिथे परीक्षेला यावं लागे. सकाळभर कुणाचं इंजिन पेटे, कुणाचं चाक फुटे, आणि दुपारी तीच माणसं कँटीनमध्ये शेजारी बसून जेवत.

कॅप्टन तिथले जुने शिक्षक. साठीला आलेले, खरं विमान सोडून सहा वर्षं झालेली. परीक्षा देणाऱ्या दोघांच्या मागे, आपल्या बटणांच्या टेबलाशी बसून ते एकेक संकट पुढे सरकवत. त्यांच्या हाताखालून गेलेले वैमानिक म्हणत, म्हाताऱ्याच्या पोटात दयामाया नाही, पण याच्याकडून पास झालात तर विमा उतरवायला नको. हे कॅप्टनच्या कानावर आलं होतं, आणि त्यांना ते आवडलंही होतं.

यंत्राची देखभाल बघणारा तंत्रज्ञ रोज सकाळी तेलाचा दाब आणि तापमान कागदावर टिपायचा, म्हणून त्याला सगळे डॉक्टर म्हणत. कॅप्टननी आत शिरताना विचारायचं, "पेशंट कसा आहे?" आणि डॉक्टरने मान वर न करता सांगायचं, "गुडघे दुखतायत, बाकी ठणठणीत." वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं.

कॅप्टनच्या परीक्षेत एक उड्डाण ठरलेलं असे. डोंगरांत वसलेला एक छोटा विमानतळ होता, त्याचं चित्र यंत्रात भरलेलं होतं. कुठल्याही विमानतळावरून निघायची एक छापील रीत असते: इतक्या उंचीपर्यंत सरळ जा, मग अमुक बाजूला वळा, मग पुढचं. ढगात काही दिसत नसताना वैमानिकाला तेवढाच आधार. या विमानतळावर धावपट्टीच्या एका टोकाकडून उडालं तर उजवीकडे वळायचं. खाली तळं आणि वर मोकळं आकाश. उलट्या टोकाकडून उडालं तर त्याच तळ्यासाठी डावीकडे वळावं लागे, कारण तिथून उजव्या हाताला डोंगर होता.

कॅप्टन आधी पहिल्या टोकाची परवानगी देत. सगळी तयारी होऊ देत. विमान धावपट्टीशी पोचता पोचता, जमिनीवरून सूचना देणाऱ्या कंट्रोलरच्या आवाजात सांगत, "वारा फिरलाय. दुसऱ्या टोकाकडून निघा." मग आत गडबड उडे. चार जोड्यांतली एक तरी सवयीने उजवीकडे वळे. काचेसमोरच्या ढगातून काळा डोंगर बाहेर येई आणि पडदा लाल होऊन गोठे. कॅप्टन दिवा लावत आणि शांतपणे विचारत, "मागे एकशे चाळीस माणसं होती. त्यांच्या घरी काय सांगायचं?"

हाच विमानतळ का, असं त्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं.

अकरा वर्षांपूर्वी, एका ढगाळ सकाळी, त्याच विमानतळावर खऱ्या विमानात खरी एकशे चाळीस माणसं बसवून कॅप्टन स्वतः चुकले होते. चाळीस मिनिटांचा उशीर आधीच झाला होता, त्यात वारा फिरला. नवी रीत संगणकात भरायचं काम को-पायलटचं. तो तिशीतला, सावकाश काम करणारा, प्रत्येक आकडा दोनदा तपासणारा. "दे इकडे," म्हणून कॅप्टननी स्वतःच बटणं दाबली. धावपट्टी बदलली, वळण बदलायचं राहून गेलं. विमान उडालं, चाकं पोटात गेली, काचा पांढऱ्या झाल्या, आणि उजव्या बाजूने हलका आवाज आला:

"सर, डावीकडे ना?"

"माहितीये मला," कॅप्टन म्हणाले आणि उजवीकडे वळले.

मग कंट्रोलर बाई कानात ओरडल्या. यंत्र 'वर घ्या, वर घ्या' म्हणून कोकलायला लागलं. कॅप्टननी होती नव्हती तेवढी ताकद लावून विमान वर खेचलं. ढग एका जागी फाटला तेव्हा उजव्या पंखाखाली ओला खडक दिसला, आणि खडकाच्या फटीत उगवलेलं गवत. त्या गवताची पाती वेगवेगळी मोजता आली असती.

कुणाला ओरखडाही उठला नाही. प्रवाशांना वाटलं, हवा खराब आहे. खरं म्हणजे तिथूनच मागे फिरायला हवं होतं, पण कॅप्टन पुढे गेले. प्रवास तीन तासांचा होता. कॉकपिटमधलं बोलणं टिपणारी पेटी शेवटचे दोनच तास जपते, त्याआधीचं आपोआप पुसलं जातं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते उतरले तेव्हा त्या वळणावरचं सगळं बोलणं पुसून गेलेलं होतं.

जबाबात त्यांनी दोन वाक्यं लिहिली. नवी रीत भरण्यात को-पायलटने चूक केली. वळताना को-पायलटने कोणतीही सूचना दिली नाही. दोन्ही खोटी. ती वाचून दाखवली तेव्हा को-पायलट टेबलापलीकडे बसून ऐकत होता. त्याने मान खाली घातली आणि आपल्या जबाबावर सही केली. त्याचा परवाना वर्षभर गोठवला गेला, कंपनीने त्याला काढून टाकलं, आणि त्यानंतर कुणी त्याला दारात उभं केलं नाही. कॅप्टनना लेखी ताकीद मिळाली. "त्या मुलाचं पुढे काय झालं हो?" असं बायकोने एकदा विचारलं होतं. "मिळेल त्याला काहीतरी," असं म्हणून त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला होता.

तर, एका मंगळवारी सकाळी एक मुलगी परीक्षेला आली. बोलायला चुणचुणीत, हाताला चपळ. तिच्या शेजारी उंच, लाजाळू सहकारी. कॅप्टननी ठरल्याप्रमाणे वारा फिरवला. गडबडीत मुलीने वळण बदललं नाही, हे कॅप्टनना मागून स्पष्ट दिसलं. त्यांनी मनातल्या मनात लाल पडद्याची तयारी केली. विमान उडालं, ढगात शिरलं. मुलीने उजवीकडे वळायला हात उचलला, क्षणभर थांबली, आणि म्हणाली, "हो हो, डावीकडेच. थँक यू." आणि व्यवस्थित डावीकडे वळली.

संपल्यावर कॅप्टन म्हणाले, "शेवटच्या घटकेला सावरलंस. कसं लक्षात आलं?"

"यानेच सांगितलं की," तिने शेजाऱ्याकडे बोट केलं.

"मी?" तो गोंधळला. "मी नाही बोललो. मला वाटलं, मागून सर बोलले."

"मी परीक्षा घेतोय की शिकवणी?" कॅप्टन हसले. "काय ऐकलंत तुम्ही?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मुलगी म्हणाली, "'सर, डावीकडे ना?' असंच काहीतरी. मला जरा मजाच वाटली. मला कोण सर म्हणेल?"

कॅप्टननी दोघांना पास केलं. मग पँट्रीत जाऊन स्वतःचा कप धुतला. कप स्वच्छ झाला तरी किती तरी वेळ नळ चालू होता.

ही मुलं कुठून तरी ती जुनी भानगड ऐकून आली असतील, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पण ते वाक्य कुठल्याही कागदावर नव्हतं. ते फक्त दोन माणसांना माहीत होतं.

पुढच्या आठवड्यात आणखी एक जोडी सावरली. मग आणखी एक. प्रत्येक वेळी डावीकडचा समजे की उजवीकडच्याने सांगितलं, उजवीकडचा समजे की मागून सांगितलं, आणि दोघंही सभ्यपणे आभार मानून मोकळे होत. महिनाभरात नऊ जोड्या त्या डोंगराकडून गेल्या. बाकीच्या परीक्षांत माणसं नेहमीसारखी चुकत होती, या एका उड्डाणात कुणी चुकेना. प्रशिक्षणाचे प्रमुख खोलीत येऊन त्यांच्या पाठीवर थाप मारून गेले. "असं काय शिकवता हो तुम्ही? आम्हालाही सांगा जरा."

कॅप्टन काही अंगारे-धुपारे करणारे नव्हते. इंजिनाचा आवाज बदलला तर आधी इंधन बघायचं, मग तेल, मग बाकीचं, असा त्यांचा जन्मभराचा शिरस्ता. त्यांनी डॉक्टरला गाठलं. सिम्युलेटरमधलं सगळं बोलणं संगणकात साठवलेलं असतं. दोघं दार लावून ऐकायला बसले.

पहिल्या जोडीचं उड्डाण. इंजिनांचा आवाज, 'चाकं वर', आणि मग शांतता. मग मुलीचा आवाज: "हो हो, डावीकडेच. थँक यू."

मधे काही नव्हतं.

दुसऱ्या जोडीचं लावलं. 'चाकं वर'. शांतता. मग एका पुरुषाचा आवाज, "अरे हो. बरं झालं बोललास."

चौथ्या जोडीतला तर शांततेनंतर नुसता हसला होता आणि म्हणाला होता, "वाचवलंस रे."

डॉक्टरने पडद्यावर त्या शांततांची लांबी मोजली. तो हातातलं पेन चावत होता. "कॅप्टन, ही गंमत बघा. नऊच्या नऊ ठिकाणी चार सेकंद. एका दशांशाचाही फरक नाही." मग म्हणाला, "माईक बिघडला असता तर ही उत्तरंही गेली असती ना? उत्तरं शाबूत आहेत. प्रश्नच तेवढा नाही."

"माझा आवाज कुठे आहे?"

"तुम्ही कुठेच बोललेला नाहीत."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कॅप्टन म्हणाले, "डॉक्टर, एकदा मला सोडा आत. तोच विमानतळ. उलटं टोक."

डॉक्टर बाहेर, देखभालीच्या टेबलाशी, कानाला हेडफोन लावून बसला. कॅप्टन सहा वर्षांनी डावीकडच्या खुर्चीवर बसले. उजवी खुर्ची रिकामी होती. कुणीतरी पट्टे नीट घडी करून ठेवले होते. त्यांनी धावपट्टी बदलली. वळण बदललं नाही. विमान सोडलं.

चाकं वर गेली. काचा पांढऱ्या झाल्या.

ते वाट बघत राहिले. त्यांनी एक, दोन, तीन, चार असे आकडे मोजले. आणखी चार मोजले. पंख्याचा आवाज येत होता, दुसरं काही नाही. त्यांनी अगदी हळूहळू उजवीकडे वळायला सुरुवात केली; कुणाला बोलायचंच असेल तर बोलायला सवड मिळावी एवढं हळू. 'बोल ना,' असं त्यांच्या मनात आलं, आणि त्याची त्यांना लाज वाटली.

डोंगर आला. पडदा लाल होऊन गोठला.

बाहेर आल्यावर त्यांनी रुमालाने मान पुसली. "काही नाही. मला कुणी काही सांगितलं नाही."

डॉक्टरने कानावरचा हेडफोन काढला नव्हता.

"मग तुम्ही उत्तर कुणाला दिलंत?"

"कसलं उत्तर?"

डॉक्टरने बटण दाबलं. चाकं वर गेल्याचा आवाज आला. चार सेकंद शांतता. आणि मग कॅप्टनचाच आवाज, थोडा चिडलेला, थोडा घाईतला, अकरा वर्षांनी तरुण असावा असा:

"माहितीये मला."

त्या दिवशी ते लवकर घरी आले. बायको खिडकीशी बसून शर्टाला बटण लावत होती. तिच्यासमोर बसून त्यांनी सगळं सांगून टाकलं. यंत्रातलं आधी आणि जबाबातलं नंतर. तिने दोरा तोडला, सुई रिळात खोचली.

"मला अंदाज होता," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवलात तेव्हापासून." मग उठून तिने फोनमधून एक नंबर काढून दिला. "भाचीला गाडी शिकायला पाठवलं होतं ना चार वर्षांपूर्वी, ते त्या तुमच्या को-पायलटकडेच. ड्रायव्हिंग स्कूल आहे त्याचं."

"मला बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत."

ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे रस्त्यालगतची एक खोली. भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचे तक्ते, तीन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, बाहेर डोक्यावर पाटी लावलेली छोटी गाडी. एक कॉलेजातली मुलगी शिकून बाहेर पडत होती. कॅप्टनना बघून म्हणाली, "शिकायला आलात काका? शिकवतात छान, पण कान घरी ठेवून या. आम्ही रेडिओ म्हणतो त्यांना. एक मिनिट गप्प बसत नाहीत."

रेडिओ दारात आला. केस मागे हटले होते, पोट थोडं सुटलं होतं. कॅप्टनना त्याने लगेच ओळखलं. चेहऱ्यावर राग नव्हता. आश्चर्यही फारसं नव्हतं.

"या, कॅप्टन. गाडीतच बसू. मला खोलीत बसून नीट बोलता येत नाही. तुम्ही चालवा."

कॅप्टननी गाडी सुरू केली. तो शेजारी बसला, पायाशी त्याचा वेगळा ब्रेक. रस्ता रुंद होता, दुपारची वेळ, रहदारी बेताची.

"आरसा बघा. पुढे डावीकडे वळायचंय, आत्तापासून लेन धरा. सायकलवाला आहे. तो थांबणार नाही, तुम्ही थांबा. हां." तो बोलायचा खरंच थांबत नव्हता. प्रत्येक वळण तो शंभर पावलं आधी सांगत होता, मग पन्नास, मग दहा.

"मी तुझ्याशी..." कॅप्टन अडखळले. 'तू' म्हणायचा हक्क आपल्याला उरला आहे का, हे त्यांना कळेना. "मी तुमच्याशी एक बोलायला आलोय."

"तूच म्हणा."

"जबाबात मी खोटं लिहिलं. ती बटणं मी दाबली होती."

"हो, ते माहितीये मला. मी शेजारीच होतो." तो पुढे बघत होता. "सिग्नल पिवळा होतोय, हळू."

"मग बोलला का नाहीस तेव्हा?"

"दुसऱ्या वाक्यामुळे. सूचना दिली नाही, असं तुम्ही लिहिलं होतं. बटणं कुणीही चुकीची दाबेल हो, माणूसच आहे. त्यासाठीच तर शेजारी दुसरा बसवतात. त्याने बोलायचं असतं." त्याने हात मांडीवर पुसले. "मी नकाशा बघितला होता. आपण चुकीचे वळतोय हे मला दिसलं होतं. आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. आदल्या दिवशी सगळ्यांसमोर तुम्ही मला म्हणाला होतात, विचारल्याशिवाय तोंड उघडत जाऊ नकोस. मी म्हटलं, कॅप्टनना माहीत असेल. दातखीळच बसली. मग तुमचं ते वाक्य खरंच होतं ना? खरं ते नाकारून मी कशाच्या जोरावर भांडणार होतो?"

कॅप्टननी गाडी कडेला घेतली. त्यांनी सिग्नल दिला नव्हता. मागून कुणीतरी हॉर्न वाजवून निघून गेलं.

"तू बोलला होतास," ते म्हणाले. "मी ऐकलं. तू म्हणालास आणि मी उत्तरही दिलं. 'माहितीये मला' म्हणालो."

"ते मी ऐकलं. तुम्ही मधेच 'माहितीये मला' म्हणालात. मला वाटलं, स्वतःशीच बोलताय. त्यामुळे तर मी आणखीच गप्प बसलो."

"'सर, डावीकडे ना?' असं म्हणालास तू."

रेडिओने पहिल्यांदाच मान वळवून त्यांच्याकडे नीट बघितलं.

"कॅप्टन, मी तुम्हाला कधी सर म्हटलंय? आठवून बघा. माझे वडील शाळेत शिकवायचे. घरीदारी, बाजारात, सगळीकडे लोक त्यांना सर म्हणायचे. ते गेल्यावर मी तो शब्द दुसऱ्या कुणाला लावला नाही. आत्ता तरी लावतोय का?"

कॅप्टननी आठवून बघितलं. चौदा महिने दोघं एकत्र उडाले होते. कॅप्टन, पाणी हवंय? कॅप्टन, हवामान आलंय. शुभ प्रभात, कॅप्टन.

इंजिन चालूच होतं. डॅशबोर्डवरचा दिवा उगाच लुकलुकत होता.

"एक सांगू?" रेडिओ म्हणाला. "हे तुम्ही तेव्हा येऊन सांगायला हवं होतं. दोन दिवसांत, आठवड्यात, वर्षाच्या आत कधीही. आवाज ऐकला एवढंच सांगायचं. मी मानलं असतं. मला वाटलं असतं, निघाला असेल माझ्या तोंडून, भीतीत माझंच लक्ष नसेल. तेवढ्यावर मी पुन्हा उभा राहिलो असतो, परवाना परत आल्यावर चार ठिकाणी जाऊन बसलो असतो. मी कुठे गेलोच नाही, कॅप्टन. लोकांनी घेतलं नाही असं सगळे म्हणतात. मीच गेलो नाही. गप्प बसणाऱ्या माणसाने विमानात कशाला बसायचं?"

"आता मान," कॅप्टन म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. "आता सांगतोय ना मी."

"आता नाही जमत. अकरा वर्षं मी ती घटका रोज उगाळलीय. मी बोललो नव्हतो."

कॅप्टननी सिम्युलेटरबद्दल सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. जे त्याच्या तोंडून निघालं नव्हतं ते आता तिथे दुसऱ्यांना वाचवतंय, हे सांगून याच्या पदरात काय पडणार होतं? त्यांनी फक्त विचारलं, "मी जबाब बदलून देतो. चालेल?"

"द्या. आईला बरं वाटेल." आणि मग, सवयीने, "आरसा बघून निघा. मागे बस आहे."

कॅप्टननी चौकशी कार्यालयाला चार पानी पत्र लिहिलं. सिम्युलेटरच्या नोकरीचा राजीनामा त्यासोबतच दिला. असल्या परीक्षकाने कोणत्या तोंडाने परीक्षा घ्यायच्या? शेवटच्या दिवशी डॉक्टरने त्यांच्याशी हस्तांदोलन केलं, पण 'पेशंट कसा आहे' हे त्यांनी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. डोंगराचं ते उड्डाण परीक्षेतून काढून टाका, एवढी विनंती त्यांनी केली. प्रमुख म्हणाले, "काढू कशाला? त्यात तर सगळे पास होतात."

चौकशी कार्यालयातून महिन्याने बोलावणं आलं. जुनी नोंद दुरुस्त करायची, तर जुन्या जबाबावरची सही आपलीच आहे हे समोर येऊन कबूल करावं लागतं. चौथ्या मजल्यावर, लोखंडी कपाटांच्या रांगेत, चष्मा लावलेल्या एक बाई होत्या. त्यांनी फाईल आधीच काढून ठेवली होती. आवाज नेहमीच्या कामाचा, कोरडा.

"हा तुमचा जबाब. ही सही तुमचीच ना?"

"माझीच."

"हा को-पायलटचा. यावर तुमचं काही नाही." त्यांनी पान उलटलं. "आणि हा केबिनमधल्या मुख्य एअरहोस्टेसचा. विमानाचे कॅप्टन म्हणून यावरही तुमची सही आहे. बघून घ्या."

"हा मी पाहिलेला आठवत नाही."

"पिना गंजून पानं चिकटली होती. आम्हीही आत्ताच सोडवली."

एक पान. निळ्या शाईतलं गोल, नेटकं अक्षर. प्रवासी किती, दारं कधी लागली, धक्का बसला तेव्हा कोण कुठे होतं. कॅप्टननी वरून बोट फिरवत वाचलं.

शेवटून तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं.

'निघण्यापूर्वी मी कॉकपिटमध्ये तीन कप कॉफी दिली. मागच्या घडीच्या खुर्चीवर बसलेल्या गृहस्थांनी कप हातात घेतला, पण ते प्यायले नाहीत. त्यांची ओळख मला कॅप्टननीच करून दिली. नाव आता आठवत नाही.'

"बरोबर आहे ना?" बाईंनी विचारलं. त्यांना फक्त सहीबद्दल विचारायचं होतं.

त्या सकाळी कॉकपिटमध्ये ते दोघंच होते, तिसरं कुणी असल्याचं कॅप्टनना आठवत नव्हतं. ते खाली बघत होते. सही त्यांचीच होती. आणि सहीच्या वर, त्यांच्याच अक्षरात, त्याच दिवसाची तारीख घालून लिहिलेलं होतं: 'वाचले. वरील सर्व मजकूर बरोबर आहे.'